हार कधी घालायचा?

माझी आजी वाईला फुलं विकायची. गणपती आळीतून घाटाकडे उतरताना एक लाकडी फळी, दोन बादल्या, वर ताडपत्री, एवढाच तिचा पसारा. त्याला दुकान म्हणायला ती तयार नसायची, "माझी बैठक" म्हणायची. १९७२च्या दुष्काळात तिनं सरकारी कामावर खडी फोडली. त्यानंतर फुलं हातात घेतली, ती शेवटचं आजारपण येईपर्यंत खाली ठेवली नाहीत. गेल्या भाद्रपदात ती गेली. वर्षश्राद्ध उरकल्यावर आई म्हणाली, "तिच्या हातून इतकी फुलं गेली. ती पिकतात कुठं, मोठ्या बाजारात त्यांचं काय होतं, हे बघायची तिला फार इच्छा होती. एकदा दादर बघितलं तेवढंच, बाकी बैठक सोडून जाणं काही जमलं नाही. आपण जाऊन येऊ या." नवरात्र तोंडावर होतं, मला रजा मिळत होती. डोंबिवलीहून निघालो.

नवरात्रात फुलवाल्यांच्या घरी तारीख कुणी विचारत नाही, कितवी माळ ते विचारतात. म्हणून ही टिपणंही माळेप्रमाणेच ठेवली आहेत.

तिसरी माळ, वाई

एसटीतून उतरल्यावर आई स्टँडवरच थांबली. आजोबा इथं हमाल होते. पुण्याहून पहाटेच्या गाडीच्या टपावर फुलांच्या पाट्या यायच्या, ओल्या गोणपाटात बांधलेल्या. एका सकाळी एक पाटी न्यायला कुणी आलंच नाही. ज्याची होती त्यानं धंदा गुंडाळून गाव सोडलं होतं, हे मागाहून कळलं. आजोबांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि स्टँडवर सांगून पाटी घरी आणली. आत शेवंती होती. आजीनं ती घाटावर नेऊन संध्याकाळपर्यंत विकली आणि आलेले पैसे दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या हाती पुण्याच्या आडत्याला पाठवून दिले. आडत्यानं दोन दिवसांनी आपण होऊन दुसरी पाटी धाडली. भांडवल नावाची गोष्ट तिनं कधी पाहिली नव्हती. तिचा धंदा उभा राहिला तो त्या पहिल्या पाटीचे पैसे चुकते केल्यावर.

बैठकीवर आता मामी बसते. आम्ही पोचलो तेव्हा तिचं घटाच्या माळांचं काम चाललं होतं. तिसऱ्या माळेला निळी फुलं लागतात, म्हणून गोकर्ण. गोकर्णाची फुलं नाजूक, दोरा जरा ओढला की देठ तुटतं. मामी सुई वापरत नव्हती. केळीचं सोपट पाण्यात भिजवून त्याचा उभा धागा काढलेला. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत दोन फुलं, देठं आत. त्यांच्यावर उलट तोंडानं आणखी दोन. उजव्या हातानं धाग्याचा फास, हलकीशी ओढ, लगेच पुढची जोडी. नजर गिऱ्हाइकाकडे, हात आपले चालूच.

"वन्सं, बघा बरं, घट्ट होतंय का?" तिनं आईला विचारलं.

आईनं माळ उचलून मधोमध धरली आणि दोन्ही टोकं खाली सोडली. फुलं सरकली नाहीत. "आईची गाठ आहे ही," आई म्हणाली. मामी काही बोलली नाही, पण पुढची माळ तिनं आईच्या हातात दिली.

आजीची एक सवय वाईत अजून सगळ्यांना आठवते. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "एक हार द्या," की ती भाव सांगायच्या आधी विचारायची, "कधी घालायचा?" आत्ता देवळात जाऊन लगेच घालायचा असेल तर पूर्ण उमललेली फुलं. संध्याकाळी सव्वासहाचा मुहूर्त असेल तर सकाळी बांधलेल्या हारात कळ्या जास्त, गुलछडीची तर जवळजवळ मिटलेलीच. वधूवरांच्या गळ्यात पडेपर्यंत हार उमलत जायचा आणि फोटोत ताजा दिसायचा. लोक म्हणायचे, आजीच्या हाताला गुण आहे. गुण होताच, पण त्यामागे हिशेब होता. कुठलं फूल तोडल्यापासून किती तास तग धरतं, उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, ओल्या फडक्याखाली किती, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. शेजारच्या केळीवाल्यापासून ती टोपली लांब ठेवायची. पिकत्या केळ्यांजवळ फुलं लवकर मान टाकतात, हे तिला अनुभवानं कळलं होतं. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि तो फुलांना म्हातारं करतो, हे मी पुढे कॉलेजात शिकले.

एका हाराला मात्र ती हा प्रश्न विचारायची नाही. रात्री-अपरात्री दारावर थाप पडायची आणि माणूस उंबऱ्याबाहेरच उभा राहायचा. आजी कंदील घेऊन उठायची. आई सांगते, अशा रात्री तिचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालायचे, आणि जवळ बसलेल्या पोरांनी एक शब्द बोललेला तिला खपायचा नाही.

संध्याकाळी ढोल्या गणपतीला गेलो. हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती केली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर फुटतं, दुभंगतं आणि बाजूनं निघून जातं. पावसाळ्यात पाणी वर चढायला लागलं की आजी फळी उचलून आळीत वर सरकायची. पाणी कुठवर आलंय हे ती त्या भिंतीकडे बघून सांगायची.

चौथी माळ, मेणवली आणि कास

मामानं ओळखीच्यांची जीप मिळवली. वाटेत आधी मेणवली, कारण तिथं आजी दर सोमवारी बेल घेऊन चालत जायची. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागं चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, आणि घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली ती मोठी घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या, त्यांतली ही एक. आईनं घंटेवरून हात फिरवला. "वसईची फुलं दादरला येतात, आणि वसईची घंटा इथं," ती म्हणाली. आमच्या प्रवासाचं शेवटचं ठिकाण वसईच होतं, त्यामुळे तिला हे फार भावलं.

मग साताऱ्यावरून यवतेश्वरचा घाट चढून कास. साताऱ्यापासून पंचविसेक किलोमीटर. वाईपासून इतकं जवळ असून आजी कधी गेली नव्हती, आईही नाही. रोज फुलांत बसणारीनं खास फुलं बघायला कशाला जायचं, असं घरात सगळ्यांनाच वाटायचं.

कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आता आधी नोंदणी करावी लागते, एका दिवसात किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं, आणि आखलेल्या वाटेवरूनच चालायचं. हे मला पटतं. मी लहानपणी जे ऐकलं होतं, त्यात लोक फुलांवर लोळून फोटो काढायचे.

हंगाम उताराला लागला होता, तरी ठिकठिकाणी पिवळा आणि जांभळा रंग टिकून होता. काळ्या जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ की नख लावलं तर खडक लागावा. त्या ओलसर थरावर सीतेची आसवं, बोटाच्या पेरापेक्षा लहान, निळसर जांभळी. मातीत पोषण नाही, म्हणून ही वनस्पती पाण्यातले बारीक जीव पकडून आपली भूक भागवते. मी हे आईला सांगत होते. आई गुडघ्यावर बसून बघत होती, हात पाठीमागे बांधून. तिला तसं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. फूल दिसलं की तिचा हात पुढे जातोच.

"याचा हार व्हायचा नाही," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "देठच नाही धरायला. तोडलं की संपलं." मग थोडं पुढे जाऊन, "आईला आवडलं असतं. बघायचं आणि भाव नाही करायचा."

पाचवी माळ, वाई

कुठं गेलो नाही. ललिता पंचमीमुळे बैठकीवर गर्दी होती. आई पहाटेपासून मामीजवळ बसली आणि मी पुड्या टाकायला गेले.

पुडी म्हणजे रोजचा फुलपुडा. महिन्याच्या बोलीनं घरोघरी फुलं पोचवायची, पैसे एक तारखेला. आजीच्या काळी पळसाच्या पानात बांधून दाराच्या कडीला अडकवायची पद्धत होती. आता मामी कागदात बांधते, पळसाची पानं आणून देणारं कुणी राहिलं नाही. पुडीत काय घालायचं ते वारावर. सोमवारी बेल, मंगळवारी दूर्वा आणि जास्वंद, शनिवारी मारुतीसाठी रुईची पानं, आणि रोज तुळस असायचीच. त्यातही घराघराचं वेगळं. कुणाकडे बाळकृष्णाला वास असलेलंच फूल लागतं, कुणाच्या सासूबाईंना झेंडू चालत नाही, कुणाकडे सुतक असलं की तेवढे दिवस पुडी बंद. आई शाळेत जायच्या आधी हे सगळं पोचवून यायची. आजीला लिहिता येत नव्हतं. कुठल्या घरचे किती खाडे झाले हे ती डोक्यात ठेवायची आणि एक तारखेला सांगायची, आणि कुणी तिच्याशी वाद घालत नसे.

एका वाड्यात म्हाताऱ्या बाईंनी मला आत बोलावलं. "तू फुलवाल्या आजींची नात ना? डोळे तसेच आहेत." मग त्या म्हणाल्या, त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणाची फुलांची वाडी आजीनं भरली होती, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं मोगऱ्याचं. पुढं नातीच्या वेळी त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली, तर कार्यक्रम संपायच्या आत फुलं तांबूस पडली. "तुझ्या आजीनं आधी विचारलं होतं, ओटी किती वाजता भरणार," त्या म्हणाल्या. मी त्यांना तो प्रश्न माहीत असल्याचं सांगितलं नाही. त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटत होतं.

सहावी माळ, सासवडची बाजू

वाईहून खंबाटकी उतरून शिरवळ, पुढे कापूरहोळला उजवीकडे वळलं की नारायणपूरवरून सासवडचा रस्ता. एका बाजूला पुरंदरचा डोंगर, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांनी झेंडू, शेवंती, ॲस्टर. आजीच्या पाटीतली बरीच फुलं याच बाजूची असायची, असं मामा सांगत होता.

एका शेताच्या बांधावर थांबलो. झेंडूची तोडणी चालली होती. शेतकरीदादा आमच्या आईच्या वयाचे. आम्ही विकत घ्यायला आलेलो नाही, बघायला आलोय, हे त्यांना आधी खरंच वाटेना. कशासाठी आलोय ते कळलं तेव्हा त्यांनी घरातून चहा मागवला.

दसऱ्याचा झेंडू धरायचा तर आषाढातच रोपं लावावी लागतात. लावल्यापासून पहिल्या तोड्याला साधारण दोन महिने. चार दिवस मागे-पुढे झालं तर सण निघून जातो आणि माल कवडीमोल होतो. दादा म्हणाले, "आमचं पीक पंचांगावर आहे. गहू आठ दिवस उशिरा आला तरी गहूच राहतो. झेंडू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला तर त्याला कोण विचारतंय?" मोकळ्या रानात ते टोमॅटोच्या कडेनंही झेंडू लावतात. मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी आटोक्यात राहतात. ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही, तो झेंडू मुळचा मेक्सिकोतला. गुलछडीही तिकडचीच. इथल्या मातीनं आणि इथल्या देवांनी दोघांनाही कधीच आपलंसं केलंय.

बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढं सरकत होत्या. देठ थोडं ठेवून फूल खुडायचं, पाकळ्यांना बोट लावायचं नाही. त्यातल्या एकीनं आईला विचारलं, "तुमच्या आईंना माल कसा लागायचा?" आईनं शेतातलं एक फूल तळव्यावर घेऊन दाखवलं. बाहेरच्या पाकळ्या मोकळ्या, मधला गाभा अजून घट्ट. "असा. म्हणजे दुसऱ्या दिवशीही चालतो." त्या बाई हसल्या. त्यांनीही तसाच निवडून क्रेटमध्ये भरला होता.

चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. कुणी काही म्हणायच्या आत सगळ्याजणी क्रेट उचलून शेडकडे पळाल्या. आम्हीही उचलले. पण झाडावरचा माल भिजला. भिजलेल्या झेंडूत पाणी गाभ्यापर्यंत जातं, क्रेटमध्ये ऊब धरते आणि सकाळपर्यंत फूल आतून काळं पडायला लागतं. दादा शेडच्या तोंडाशी उभं राहून पाऊस बघत होते. त्यांनी शिवी दिली नाही की कपाळाला हात लावला नाही. मोबाईल काढून टेम्पोवाल्याला सांगितलं की आज दोन तास आधी ये, कोरडा माल पहिल्यांदा पोचला पाहिजे. फुलांच्या धंद्यातली माणसं दुःखाआधी घड्याळ बघतात. आजीही तशीच होती, आणि लहानपणी मला ते कोरडेपण वाटायचं.

सातवी माळ, पुणे

पहाटे मार्केट यार्ड. गुलटेकडीला रिक्षातून उतरायच्या आधीच वास आला, आधी गुलछडीचा, मग ओल्या गोणपाटाचा, मग चहाचा. फूलबाजारात पहाटेच माल उतरतो आणि उजाडेपर्यंत बराचसा हलतो. झेंडू, शेवंती, गुलछडी किलोवर. ॲस्टर जुडीवर. डच गुलाब गड्डीवर, वीसची एक. जरबेरा दहाचा. प्रत्येक गाळ्यावर काटा, ढीग आणि ढिगामागे आडत्या. शेतकऱ्याचा माल विकला की त्याची पट्टी फाटते, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन उरतील ते त्याचे.

आजीला आपण होऊन पाटी धाडणारे आडते आता नाहीत. त्यांचा मुलगा गाळ्यावर बसतो, त्याचेही केस पांढरे झालेत. आईनं नुसतं "वाई" म्हटलं आणि ते उठून उभे राहिले.

"वाईच्या मावशींच्या तुम्ही कोण?"

"मुलगी."

त्यांनी पोराला स्टूल आणायला पिटाळलं. आजीला त्यांनी दोन-तीनदाच पाहिलं होतं. व्यवहार सगळा ड्रायव्हरच्या निरोपावर आणि पुढं फोनवर. "मावशींचा निरोप कधी नुसता वजनाचा नसायचा," ते म्हणाले. "'वीस किलो पाठवा' असं त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या सांगायच्या, गुरुवारी संध्याकाळी लग्न आहे, शुक्रवारी सकाळी पूजा आहे. त्यावरून आम्ही माल निवडायचा. वडील म्हणायचे, बाकीचे फुलं मागतात, ही बाई वेळ मागते." आडत्यांच्या पोरांना त्यांनी माल ओळखायला शिकवला तो या निरोपांवरून, असंही ते म्हणाले. आई इतका वेळ सावरून होती. इथं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं करून गुलछडीच्या ढिगाला हात घातला.

बाजारात बदल किती झालाय ते त्यांनीच दाखवलं. हरितगृहांतला माल वाढला, काडीची फुलं वाढली, सजावटवाले मोठे गिऱ्हाईक झाले. दुसरीकडे प्लास्टिकची फुलं. देवळाच्या कमानीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे. माझं यावर ठाम मत आहे. जे कधी सुकत नाही ते देवाला वाहण्यात काही अर्थ नाही, आणि ज्यानं आषाढात रोपं लावली त्या माणसाचं पोट त्यावर मारलं जातं.

दुपारच्या गाडीनं घरी आलो. रात्री दहा तास झोपलो.

आठवी माळ, वसई

दिव्याहून वसईची गाडी पकडली. आईच्या ओळखीच्या एका बाईंचं माहेर तिथलं, त्यांच्या वाडीत जायचं ठरलं होतं. वसईच्या पश्चिमेकडे अजून अशा वाड्या आहेत, नारळ-केळी, विहीर, कुठं जुनं बावखल म्हणजे पाण्याचं तळं, आणि त्यांच्या मधल्या जागेत सोनचाफा, मोगरा, तगर, जास्वंद. पण दोन वाड्यांच्या मध्ये इमारत येते, पुन्हा वाडी, पुन्हा इमारत. विहिरीचं पाणी मचूळ होत चाललंय, असं त्यांनी सांगितलं.

वाडीतल्या मावशी सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आम्हाला आदल्या संध्याकाळचं काम दाखवलं. जास्वंदीची उद्या उमलणारी कळी कशी ओळखायची? टोकाला रंग दिसतो आणि बोटात धरली की भरलेली लागते. ती संध्याकाळीच तोडून ठेवायची, झाडावेगळी असली तरी सकाळी ती उमलते. म्हणून गणपतीला वाहणाऱ्याच्या हातात ती ताजी पडते. सोनचाफा मात्र पहाटेचाच. अंधारात वासावर झाड सापडतं, असं त्या म्हणाल्या. पाकळीला नख लागलं तर तासाभरात तपकिरी डाग, त्यामुळे तोडायचा तोही देठाला धरून. पूर्वीची झाडं उंच, आकडीनं काढावा लागे. आता बुटकी कलमं, त्यांना फूलही लवकर येतं. चाफा शेकड्यानं मोजतात, आणि मावशींची मोजायची रीत पाच-पाच फुलांची.

आईनं त्यांना मेणवलीच्या घंटेचं सांगितलं. मावशींना ते ठाऊक होतं, वसईत पुष्कळांना ठाऊक असतं. "आमची घंटा वाजते ना नीट?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, हो, नदीपलीकडे ऐकू जाते. मावशी समाधानानं हसल्या आणि आईच्या ओटीत मूठभर चाफा घातला.

नववी माळ, दादर

खंडे नवमी. मावशींबरोबरच पहाटेच्या लोकलनं निघालो, म्हणून रात्री त्यांच्याकडेच राहिलो होतो. मालडब्यात पाट्या एकावर एक, बायका पाट्यांच्या आधारानं टेकलेल्या. गाडी चालू असताना त्यांची तगरीची माळ चालू. बोरिवलीपर्यंत एक माळ संपून दुसरीला हात.

दादरला पश्चिमेला उतरलो. मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि तिच्या अवतीभवतीचे रस्ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी चालायला जागा देत नाहीत. पिवळे आणि केशरी ढीग, आंब्याचे टाळे, भाताच्या लोंब्या, आपट्याच्या जुड्या. आजी मुंबईत एकदाच आली होती, माझ्या बारशाला. तेव्हा तिला काय दाखवायचं म्हणून बाबांनी राणीची बाग, चौपाटी अशी नावं घेतली. तिनं दादरचा फूलबाजार मागितला. बाबा तिला पहाटे घेऊन आले, आणि ती दोन तास नुसती फिरली. आल्यावर आईला म्हणाली, "तिथं माणूस हरवेल, पण फूल हरवत नाही गं. प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे."

आई आपट्याच्या ढिगापाशी थांबली. जुडीतलं एक पान काढून दुमडलं आणि विकणाऱ्या पोराला सांगितलं, "हा कांचन आहे, बाळा." आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत. कांचनाचं मोठं आणि मऊ. दिसायला दोन्ही जोडपानं, म्हणून सर्रास खपतं. पोरगा म्हणाला, "मावशी, लोकांना कुठं कळतं?" आई म्हणाली, "मला कळलं ना?" त्यानं मागच्या गोणीतून खऱ्या आपट्याची जुडी काढून दिली. आजी कांचन विकायची नाही. ज्या वर्षी आपटा मिळाला नाही त्या वर्षी तिनं सोनंच विकलं नाही.

आम्ही झेंडू घेतला, लोंब्या घेतल्या. भाव चढत होता. पावसानं सासवडकडचा माल भिजल्याची बातमी इथं पोचली होती, आणि कोरड्या मालाला वेगळा दर होता. आईनं क्रेटमधली दोन-चार फुलं उलटी करून देठाशी दाबून पाहिली, मग घेतली.

गाडीत बसल्यावर मामीचा फोन आला. वाईला सकाळपासून रीघ, हात पुरत नाहीत. दसरा कसाबसा निघेल, पण तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. आत्ताच तीन घरांनी वधूवरांचे हार सांगून ठेवलेत, आणि त्यातलं एक लग्न गोरज मुहूर्तावर.

"गोरजला म्हणजे गुलछडी सकाळी मिटलेली हवी," आई म्हणाली. "पुण्याला फोन करून मुहूर्त सांग, नुसतं वजन नको सांगू. आणि वहिनी, तुळशीच्या लग्नानंतर मी येते. महिनाभर राहीन. दुसरी फळी काढून ठेव."

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, वाईच्या गाडीचं आरक्षण किती दिवस आधी मिळतं.